सव्वा वितीचा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे. पोपट ठेवतात तसला नव्हे. लहान रोपाला शेळ्यांनी खाऊ नये, गुरांनी तुडवू नये, म्हणून त्याच्याभोवती उभा करतात तसला. शहाणी माणसं मला ट्री गार्ड म्हणतात. धुळ्यात देवपुराच्या पलीकडे यशोदानगर नावाची वसाहत आहे. तिच्या मोकळ्या जागेत मी बरीच वर्षे उभा आहे. ज्या झाडाला जपायला मला इथे रोवलं, त्याचाच घात माझ्याकडून झाला. ही गोष्ट सांगताना मला जड जातं, पण ती कुणीतरी सांगायला हवी आणि मी सगळं जवळून पाहिलं आहे.

मी आधी डांबराचं पिंप होतो. रस्त्याच्या कामावर माझ्यातलं डांबर संपलं आणि मी भंगारात पडलो. चौऱ्याऐंशी साली आग्रा रोडच्या तोताराम मिस्तरीने मला उचलून आणलं. जाळून माझं डांबर काढलं, पत्रा सरळ केला, हवा खेळावी म्हणून त्याला भोकं पाडली. आता पत्र्याची गुंडाळी करायची होती. तोताराम चांगला कारागीर. त्याला पिंजरा रुंद करायचा होता. पण ज्यांच्यासाठी काम चाललं होतं ते पितांबरशेठ समोरच स्टुलावर बसले होते.

"रुंद कसाले करस, तोताराम?" शेठ म्हणाले. "रोप करंगळीएवढं शे. तेले काय मझार पलंग टाकाना शे?"

रोपाला आत पलंग टाकायचा आहे का, या विनोदावर दुकानातले सगळे हसले. तोतारामही हसला. त्याने पत्रा उभा चिरून दोन भाग केले, एकावर एक जोडले आणि माझी उंची वाढवली. रुंदी मात्र सव्वा वीत राहिली. असे चोवीस पिंजरे झाले. त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पितांबरशेठांनी एक शेत घेतलं होतं आणि त्याचे प्लॉट पाडले होते. प्लॉट विकायचे तर नकाशा मंजूर करून घ्यावा लागे, आणि मंजुरीच्या कागदावर अटी लिहिलेल्या असत. शेतातली जुनी झाडं राखावीत, रस्त्यांच्या कडेला नवी झाडं लावावीत, मोकळी जागा सोडून तिथे बगीचा करावा, अशा त्या अटी होत्या. ज्याने कुणी त्या लिहिल्या त्याला सावलीची किंमत ठाऊक असावी. खानदेशातला मे महिना बघितलेल्या माणसालाच तसं लिहिता येईल.

त्या शेतात विहिरीजवळ एक जुना निंब होता. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा. हिलाल नावाचा माणूस त्या शेतावर वीस वर्षे सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणारा गडी. बैल बांधायचे त्या निंबाखाली, भाकर खायची त्या निंबाखाली, असा त्याचा जन्म गेला होता. शेत विकलं गेलं तेव्हा शेठांनी त्याला प्लॉटवर राखणदार म्हणून ठेवून घेतलं. मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली बांधून दिली. तिथे तो आणि त्याची बायको मंजुळाबाई राहू लागले.

अटी पाळल्या की नाही ते बघायला सरकारी साहेब येणार, अशी तारीख आली. पिंजरे रोवून तयार होते, पण रोपं आणायचं सगळेच विसरले होते. मग शेठांनी एक युक्ती काढली. दोन मजूर कोयते घेऊन जुन्या निंबावर चढले. त्यांनी पानांनी भरलेल्या चोवीस फांद्या तोडल्या आणि एकेका पिंजऱ्यात एकेक खोचली. वरून पाणी मारलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय छान झाडं लागली आहेत!

हिलाल बादली घेऊन उभा होता. तो म्हणाला, "शेठ, ह्या तं फांद्या शेतस. यासले मूळ कोठे शे?"

"साहेब मूळ देखाले खाले वाकाव नही," शेठ म्हणाले. "तू पानी टाकत ऱ्हाय."

आणि साहेब खरंच वाकले नाहीत. जीपमधून उतरले, बोटाने पिंजरे मोजले, चोवीस भरले. "वा, दहा वर्षांत इथे गारवा होईल," असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि ते निघून गेले. राखायचं झाड तोडून लावायचं झाड दाखवलं होतं. कागदावर दोन्ही अटी पूर्ण झाल्या.

आठ दिवसांत माझ्यातली फांदी वाळली. तिची पानं गळून माझ्या तळाशी पडली. बोडका झालेला जुना निंब उन्हाळ्यात उभ्या उभ्या करपला. पुढच्या वर्षी शेठांनी तो वाळलेला म्हणून काढून टाकला. नकाशातला रस्ता नेमका तिथूनच जात होता.

झाड पाडलं त्या दिवशी हिलाल जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो बुंध्याच्या आसपास गवतात काहीतरी शोधत फिरला. त्या निंबाच्या निंबोळ्या पडून उगवलेली रोपं तिथे होती. त्यातलं बोटभर उंचीचं एक त्याने मातीच्या गोळ्यासकट उचललं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि माझ्यात आणून लावलं. मोकळ्या जागेच्या तोंडाशी मी होतो, त्याच्या खोलीच्या दारातून दिसत होतो, म्हणून त्याने मला निवडलं असावं.

माझे भाऊबंद तेवढे नशीबवान नव्हते. काही शेठांच्या पुढच्या प्लॉटांवर गेले, तिथल्या साहेबांपुढे उभे राहायला. एकाला आडवा करून कुणी कोंबड्या कोंडल्या. खरं रोप फक्त माझ्या वाट्याला आलं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. हिलाल रोज सकाळी पाणी घाली. पाणी घालून झालं की माझ्या पत्र्यावर टिचकी मारी आणि म्हणे, "नीट ध्यान ठेव बरं, पहिलवान."

शेळ्या यायच्या, मागच्या पायांवर उभ्या राहायच्या, माझ्यावर खूर आपटायच्या आणि निघून जायच्या. माझ्या आत रोप हसत वाढायचं.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात हिलालला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग दवाखाना झाला. मित्रांनो, तो वाचला नाही. त्याला खांद्यावर घेऊन माणसं माझ्याच समोरून गेली. तेव्हा रोप माझ्या निम्म्या उंचीचं झालं होतं.

तोवर वसाहतीत आठ-दहा घरं उभी राहिली होती. त्या घरांतल्या माणसांना हिलालची आठवण होती. त्यांनी पेंटर वनाला बोलावलं. त्याने मला हिरवा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं : 'कै. हिलाल बुधा यांच्या स्मरणार्थ'.

मंजुळाबाई समोर उभी राहून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने वनाला विचारलं, "यामा तेसनं नाव कोनतं?" वनाने बोट ठेवून दाखवलं. ती तीन अक्षरं तिने हाताने चाचपून बघितली. रंग ओला होता. तिच्या बोटाला पांढरा डाग लागला. तो तिने पुसला नाही.

इथे तुम्हाला एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे त्या पिढीच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल, तेवढंच. मंजुळाबाईने बावीस वर्षांच्या संसारात ते नाव पुन्हा तोंडातून काढलं नव्हतं. फोटो त्याचा एकही नव्हता. शेत त्याचं कधीच नव्हतं. जगात त्याचं नाव एकाच जागी होतं, माझ्या अंगावर.

ती आता वसाहतीत धुणीभांडी करू लागली. सकाळी कामाला जाताना निंबाला पाणी घाली आणि त्या तीन अक्षरांवरून पदराचं टोक फिरवी. दरवर्षी दिवाळीआधी ती हट्टाने वनाला बोलावून अक्षरं पुन्हा रंगवून घेई.

निंब झपाट्याने वाढला. त्याचा शेंडा माझ्यातून बाहेर पडला, मग फांद्या पसरल्या, मग सावली पडू लागली. भाजीवाली टोपली टेकवायला थांबू लागली. एका वर्षी वसाहतीला झाडांसाठी बक्षीस मिळालं. पाहुण्यांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढला आणि भाषणात म्हणाले, "पिंजरा मजबूत असला की झाड कसं जगतं, ते इथे बघा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताठ उभा होतो. खोड तेव्हा माझ्यापासून दोन बोटांवर आलं होतं.

मित्रांनो, मला दिसत होतं. पण लोखंडाला मागे सरकता येत नाही.

नव्वद साली वसाहतीच्या पंपावर चैत्राम नावाचा माणूस आला. चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचा. पाणी सोडायचं आणि मोकळ्या जागेची निगा राखायची असं त्याचं काम. पहिल्याच दिवशी त्याने निंबाकडे वर बघितलं नाही, खाली बघितलं. माझ्या वरच्या कडेला खोड टेकलं होतं. वारा आला की कड सालीत घासायची आणि तिथून डिंक गळायचा. त्याने तो बोटावर घेतला आणि सरळ मंजुळाबाईच्या दारात गेला.

"अक्का, झाड जाडं व्हयनं. पिंजरा आते काढाले पाह्यजे. तेना गळा आवळाई ऱ्हायना."

"पिंजरा काढा तं नाव कोठे जाई? भंगारमा?"

"दुसरीकडे लाई देसूत."

"दुसरीकडे तेसनं काय शे?" मंजुळाबाई म्हणाली. "एकदाव तेसले खांदावर जातांना देखं मी. आते परत नही."

चैत्राम वसाहतीतल्या लोकांकडे गेला. त्यांनी मान हलवली. कुणी म्हणालं, मयताच्या नावावर करवत चालवणं बरं दिसत नाही. कुणी म्हणालं, बक्षीस मिळालेला पिंजरा आहे. वर्ष गेलं. चैत्रामने पुन्हा विषय काढला. आणखी एक वर्ष गेलं. तिसऱ्या वर्षी तो वैतागून म्हणाला, "झाडले बोलता येत नही, अन तुले आयकता येत नही. मी तुमना दोन्हीसना मझार कसाले मरू?"

"नको मरू," मंजुळाबाई म्हणाली. "पंप कोन सुरू करी?"

दोघं हसले. पण नंतर ती बराच वेळ माझ्याजवळ उभी राहिली. माझी कड जिथे सालीत शिरली होती तिथे तिने बोट घातलं. वरून साल फुगून माझ्या कडेवर ओठासारखी चढत होती. तिने बोट काढलं आणि ती घरात गेली. तिला कळत नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही. कळत असूनही तिच्याने ते नाव सुटत नव्हतं.

त्र्याण्णव साली मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायची मोहीम निघाली. वसाहतीतल्या लताबाई शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी दुपारी निंबाच्या सावलीत वर्ग भरवला. सात-आठ बाया पाट्या घेऊन बसू लागल्या. मंजुळाबाई पहिल्या दिवशी दारातूनच बघत होती.

"या ना, मंजुळाबाई," लताबाई म्हणाल्या.

"आते या वयमा काय बालिस्टर व्हसू, बाई?"

"बॅरिस्टर नको. नाव तरी लिहाल की नाही?"

"मन्हं नाव काय कामनं?" असं म्हणत ती आली. बसली. पाटी मांडीवर घेतली आणि हळूच म्हणाली, "बाई, पहिले घरधनीनं नाव शिकाडा."

"शिकवते. काय नाव त्यांचं?"

सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. लताबाई दूरच्या मोठ्या शहरात वाढलेल्या, त्यांना हसण्याचं कारण समजेना. मंजुळाबाईने लाजून माझ्याकडे बोट केलं. "तठे लिखेल शे. वाची ल्या."

त्या दुपारपासून मी पिंजरा कमी आणि पुस्तक जास्त झालो. ती माझ्याकडे बघून पाटीवर गिरवी. 'हि' काढताना तिची वेलांटी घसरायची. 'ला'चा काना लांब जायचा. पुसायची, पुन्हा काढायची. दोन महिने ती फक्त तीन अक्षरं लिहीत होती. बाकीच्या बाया पुढच्या धड्यावर गेल्या. एका दुपारी तिने माझ्याकडे न बघता पाटीवर काहीतरी लिहिलं आणि लताबाईंच्या पुढे धरलं. लताबाईंनी मोठ्याने वाचलं, "हिलाल." मंजुळाबाईने पाटी छातीशी घेतली. तिला ते नाव बोलायचं नव्हतं, पण आता ते तिच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी ती पंपावर गेली. "चैत्राम, करवत शे का तुनाकडे?"

"कसाले?"

"तीन साल तू माले सांगे. आते मी तुले सांगस. काप."

चैत्रामने लोखंड कापायची करवत आणली. फाल्गुन महिना होता. दिवसभर तो थोडा थोडा कापत राहिला. मागच्या बाजूने कापू का, म्हणजे नाव वाचेल, असं त्याने विचारलं. पण माझी कड नावाच्या बाजूलाच खोलवर रुतली होती, तिथून सोडवल्याशिवाय मी निघणार नव्हतो. मंजुळाबाई म्हणाली, "काप. माले लिखता येस." करवत तीन अक्षरांच्या मधून गेली. मग मागूनही कापलं. माझे दोन भाग जमिनीवर पडले आणि निंब आयुष्यात पहिल्यांदा मोकळा उभा राहिला.

पण मित्रांनो, त्याच्या खोडाभोवती बोटभर खोल खाच पडली होती. आतलं लाकूड काळं झालं होतं. चैत्रामने शेण आणि माती कालवून खाचेत भरलं, गोणपाट गुंडाळलं. मंजुळाबाई येता-जाता ते गोणपाट ओलं करी. चैत्रात निंबाला मोहर आला. त्या वर्षी इतका आला की सगळ्या मोकळ्या जागेत त्याचा वास भरला. ती म्हणाली, "देख, निंब बचना." चैत्राम खाचेकडे बघत होता.

वैशाखात एका दुपारी पश्चिमेकडून धुळीचं वादळ आलं. पत्रे उडाले, तारा तुटल्या. बाया पाट्या घेऊन पळाल्या. निंब दोनदा वाकला आणि दोनदा सरळ झाला. तिसऱ्यांदा तो मोडला. मुळापासून उपटला नाही, फांदीपासून फाटला नाही. जिथे माझी कड होती, बरोबर त्या रेषेवर मोडला. कापल्यासारखा.

वादळ थांबल्यावर मंजुळाबाई आली. ती रडली नाही. पडलेल्या झाडाच्या फांद्यांमध्ये बसून राहिली. चैत्राम तिच्याजवळ उकिडवा बसला.

"तीन साल," ती म्हणाली.

"जाऊ दे, अक्का."

"तू सांगेल व्हतं ना?"

"व्हतं."

"मंग?"

चैत्रामने तिच्या पायाजवळची मोडकी डहाळी उचलून बाजूला ठेवली. मी भिंतीला टेकून पडलो होतो. मला सांगावंसं वाटत होतं की दोष तिचा एकटीचा नाही. सव्वा वीत रुंदी ठरवणारे, टाळ्या वाजवणारे, दरवर्षी मला रंग देणारे आणि आत न बघणारे, सगळ्यांचा तो आहे. पण पिंजऱ्याचं कोण ऐकतं?

पाऊस सुरू झाल्यावर वसाहतीच्या लोकांनी नवं रोप आणलं. मला पुन्हा जोडून त्यावर नाव घालू, असं म्हणाले. मंजुळाबाईने नाव घालू दिलं नाही. ती चैत्रामला घेऊन स्वतः तोताराम मिस्तरीकडे गेली. तोताराम म्हातारा झाला होता. त्याने मला ओळखलं की नाही, ठाऊक नाही. तिने त्याला एवढंच सांगितलं, "उघडाले येई असा बनाड." त्याने माझ्या एका बाजूला बिजागऱ्या बसवल्या आणि दुसऱ्या बाजूला कडी. तेव्हापासून दर दिवाळीला ती कडी काढायची, मला उघडायची, खोडाला वीत लावून बघायची आणि पुन्हा मिटायची.

सत्त्याण्णव साली तिचे गुडघे गेले. चाळीसगावला दिलेली तिची लेक तिला घेऊन गेली. निघताना तिने शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं की दिवाळीला पिंजरा उघडून बघत जा. सगळ्यांनी हो म्हटलं. चैत्रामही पुढे पोटासाठी गुजरातकडे गेला. दोन दिवाळ्या झाल्या. कुणी आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वसाहतीतही झाडं लावली जातील. पिंजरे मोजायला कुणी आलं तर त्यांना वाकून मुळाशी बघायला सांगा. झाडाला आमची गरज चार-पाच वर्षंच असते. आमच्यावर आवडत्या माणसाचं नाव असेल तर ते वहीत उतरवून घ्या, पण आम्हाला वेळेवर काढा. आणि यशोदानगरकडून कधी गेलात, तर मोकळ्या जागेच्या तोंडाशी थांबा. माझी कडी गंजून घट्ट होत चालली आहे. एकट्याने निघणार नाही, दोघे या, थोडं तेल आणा. आतल्या झाडाचं खोड अजून माझ्यापासून चार बोटं लांब आहे.